रंगाआधीची सफाई: बंदुकीच्या ॲल्युमिनिअम भागांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत विचारणा रंगाबद्दल आहे. कुठला डबा घ्यावा, किती हात मारावेत, किती वेळ ओव्हनमध्ये भाजावं. पण पुढे जे वर्णन येतं ते जवळपास दर वेळी सफाईतल्या चुकीचं असतं. म्हणून या अंकात रंगाच्या आधीचंच काम घेतलं आहे. उत्तरं एअर रायफल आणि काडतुसाची बंदूक या दोन्हींच्या ॲल्युमिनिअम भागांना लागू आहेत: ट्रिगर गार्ड, स्कोपचे माउंट, हँडगार्ड (नळीभोवतीचं हाताने धरायचं आवरण), रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मुख्य भाग). बंदूक रिकामी असल्याचं दोनदा तपासलं आहे, एअर रायफलमधली हवा सोडली आहे आणि भाग पूर्ण सुटा केला आहे, असं सगळीकडे गृहीत धरलं आहे. कोरलेला नंबर आणि चाचणीचे शिक्के यांवर घासकाम किंवा ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून घासणं) करू नका. ते पुसट झाले तर मामला रंगाचा राहत नाही, कायद्याचा होतो.

प्रश्न: ट्रिगर गार्ड आणि स्कोपचे माउंट ॲसिटोनने तीन वेळा पुसले. तरी पहिल्याच हाताला रंगात गोल खळगे पडले आणि मध्ये धातू उघडा दिसतो. रंगाचा डबाच खराब असेल का?

डबा बहुधा ठीक आहे. या खळग्यांना पेंटर लोक फिश आय म्हणतात आणि त्यामागे बहुतेक वेळा सिलिकॉन निघतं. बंदुकीवर ते बऱ्याच वाटांनी येतं. ओ-रिंगला लावलेलं ग्रीस, बंदूक पुसायचं सिलिकॉन लावलेलं फडकं, शेजारच्या टेबलावर मारलेला स्प्रे. सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण रंगाच्या पृष्ठताणापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे ओला रंग त्या ठिपक्यावर टिकत नाही, भोवती मागे सरकतो आणि मध्ये खळगा राहतो.

आता ॲसिटोनचं. जुना रंग, गोंद, रेझिन यांच्यासाठी ते उत्तम आहे, पण सिलिकॉन आणि मेण यांच्यापुढे दुबळं पडतं. शिवाय ते ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे धातूवर लावल्यावर काही सेकंदांत उडून जातं. तेवढ्यात जे तेल सुटलं ते फडक्यात गेलं नाही, तर ॲसिटोन उडाल्यावर तिथेच परत बसतं, फक्त जास्त पातळ आणि जास्त जागेवर पसरून. तीन वेळा पुसलंत तेव्हा बहुधा एका कोपऱ्यातलं तेल सगळ्या भागावर फिरलं. तेल विरघळवणं हे अर्धंच काम आहे. विरघळलेलं तेल भागावरून उचलून नेलं, तरच सफाई झाली.

आम्ही हा क्रम पाळायला सांगू. आधी साबणपाणी. १ लिटर कोमट पाणी, साधारण ५० अंश, त्यात ५ ते १० मिलिलिटर भांडी घासायचं साधं लिक्विड. हाताच्या त्वचेसाठी क्रीम किंवा लोशन घातलेलं लिक्विड घेऊ नका, त्याचा थर राहतो. भाग ५ ते १० मिनिटं बुडवून ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. भोकं, आटे आणि खाचा यांना पाइप क्लीनर किंवा बाटली घासायचा बारीक ब्रश लावा. बारुदाची काजळी, शिशाची धूळ, घामाचे क्षार या गोष्टी पाण्यातच नीट निघतात. सॉल्व्हंट क्षारांना हातही लावत नाही, आणि नेमके तेच क्षार पुढे रंगाखाली फोड आणतात. मग वाहत्या पाण्याखाली दोन मिनिटं धुऊन भाग पूर्ण वाळवा.

त्यानंतर हायड्रोकार्बन जातीचं सॉल्व्हंट. म्हणजे व्हाइट स्पिरिट, किंवा गाड्यांच्या रंगकामात वापरतात ते वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर. सिलिकॉन आणि मेण यात सुटतात. दोन फडकी घ्या, एक भिजलेलं, एक कोरडं. भिजलेल्या फडक्याने हातभर जागा ओली करा आणि ती ओली असतानाच कोरड्याने एकाच दिशेने टिपून घ्या. गोल गोल फिरवू नका. दर पुसणीला फडक्याची घडी पालटा, आणि आठ घड्या वापरून झाल्या की फडकं टाकून द्या. कोरड्या पांढऱ्या फडक्यावर काहीच डाग उमटेनासा झाला की शेवटची पुसणी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा स्वच्छ ॲसिटोनने, त्याच दोन फडक्यांच्या पद्धतीने. ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये उरलेलं ३० टक्के पाणी असतं. ते मागे राहतं, म्हणून ते या कामाचं नाही.

फडक्यांबद्दल एक गोष्ट सहज सुटते. कपडे मऊ करायचं द्रावण घालून धुतलेल्या सुती कापडात त्याचा थर असतो, आणि सॉल्व्हंट तो थर धातूवर आणून सोडतं. धागे न सुटणारे, कोरे टिश्यू सगळ्यात बरे. सॉल्व्हंटची बाटलीही पाहून घ्या. मऊ प्लॅस्टिकच्या स्प्रे-बाटलीतून आणि तिच्या नळीतून प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) सुटून सॉल्व्हंटमध्ये येतं. सॉल्व्हंट शुद्ध आहे का हे पाहायला त्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर टाका, उडू द्या आणि काच उजेडात तिरकी धरा. कडेला वलय उमटलं तर ते सॉल्व्हंट शेवटच्या पुसणीला वापरायचं नाही.

आधी पडलेल्या खळग्यांवर दुसरा हात मारू नका. तो रंग पूर्ण काढा आणि सुरुवातीपासून धरा. पॉलिश पेपर घासून खळगे सपाट केले तर सिलिकॉन कागदाबरोबर सगळीकडे फिरतं.

प्रश्न: भाग खरंच तेलविरहित झाला हे ओळखायचं कसं? हाताला तर कोरडाच लागतो.

हाताने ओळखू नका. बोट लावलं की तिथे तेल लागलंच. स्वच्छ धुतलेल्या बोटालाही त्वचेचं तेल आणि मीठ असतं, आणि काही महिन्यांनी रंगाखाली बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज उमटलेला दिसतो. साबणपाण्याच्या धुण्यापासूनच हातात नायट्राइलचे, पावडर नसलेले मोजे असू द्या. तेलकट कामाचे मोजे आणि शेवटच्या कामाचे मोजे वेगळे ठेवा.

कसोटी पाण्याची. भागावर डिस्टिल्ड वॉटर सोडा आणि तो तिरका धरा. धातू स्वच्छ असेल तर पाणी अखंड चादरीसारखं पसरतं आणि तसंच निथळतं. तेल असेल तिथे चादर फाटते, पाणी मागे सरकून थेंब होतात आणि मध्ये कोरडं बेट दिसतं. निदान ३० सेकंद चादर टिकली पाहिजे. धातूकामात ही चाचणी प्रमाणित आहे, एएसटीएम एफ२२ या नावाने.

ही कसोटी दोन ठिकाणी फसवते. साबणाचा अंश भागावर राहिला असेल तर तेल असूनही पाणी पसरतं, कारण साबणाचं कामच ते. म्हणून चाचणीआधीचं शेवटचं धुणं साबणाविना, भरपूर पाण्याने करा आणि चाचणी लागोपाठ दोनदा घ्या. दुसरं, ब्लास्ट केलेल्या खरखरीत पृष्ठभागावर पाणी आपोआप जास्त पसरतं. तिथे थोडं तेल लपून राहू शकतं. त्यामुळे खरी चाचणी ब्लास्टिंगच्या आधीची. नळाचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात, ते क्षार असतात. म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्डच. मग स्वच्छ कोरड्या हवेने आटे आणि भोकं फुंकून भाग ७० अंशांवर २० ते ३० मिनिटं वाळवा. कंप्रेसरची हवा वापरत असाल तर त्यावर पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर हवाच. फिल्टर नसलेली हवा पांढऱ्या टिश्यूवर अर्धा मिनिट सोडून पाहा. बरेचदा डाग दिसतो.

प्रश्न: जुना काळा थर काढायला ओव्हन साफ करायचा फेस मारला. थर गेला, पण भाग राखाडी-काळा पडला आणि पुसला की हात काळे होतात. काय झालं?

त्या फेसात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. स्टीलला तो फारसं काही करत नाही, ॲल्युमिनिअमला खातो. ॲल्युमिनिअम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. त्यावरचा ऑक्साइडचा थर साधारण ४ ते साडेआठ पीएच या पट्ट्यातच टिकतो. कॉस्टिकमध्ये तो थर जातो, खालचा धातू विरघळू लागतो आणि बुडबुड्यांच्या रूपाने हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे हे काम बंद खोलीत करणं मुळातच धोक्याचं. मिश्रधातूतलं तांबं, लोखंड आणि सिलिकॉन हे मूलद्रव्य (वरचं सिलिकॉन तेल नव्हे) मात्र विरघळत नाही. ते काळ्या भुकटीच्या रूपात पृष्ठभागावर साचतं. हाताला लागतं ते हेच. या भुकटीवर रंग दिला तर तो भुकटीला चिकटतो, धातूला नाही, आणि पापुद्र्यासारखा सोलून येतो.

नुकसान किती झालं ते आधी पाहा. जो काळा थर गेला तो बहुतेक रंग नव्हता, ॲनोडायझिंग होतं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने धातूवरच वाढवलेला कडक ऑक्साइडचा थर, आणि ते परत येणार नाही. आटे तपासा. स्क्रू पूर्वीपेक्षा सैल बसतो का, ट्रिगरची पिन भोकात डुलते का? पिनची भोकं मोठी झाली असतील तर तो भाग रंगवून परत बंदुकीत बसवू नका. ट्रिगरची पकड मायक्रॉनवर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर) अवलंबून असते. भाग तसा शाबूत असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि लाल नायलॉन पॅडने पाण्याखाली घासून भुकटी काढा. उरलीच तर फॉस्फोरिक आम्लावर आधारलेलं, ॲल्युमिनिअमसाठीचं तयार डीऑक्सिडायझर (ऑक्साइड काढणारं द्रावण) मिळतं. ते डब्यावर लिहिलंय तेवढंच पातळ करून, तेवढीच मिनिटं लावा आणि पुन्हा धुवा.

डिशवॉशर मशिनच्या गोळ्या, धुण्याचा सोडा, ट्रायसोडियम फॉस्फेट हेही अल्कलीच आहेत. कॉस्टिकपेक्षा सौम्य असले तरी गरम पाण्यात ॲल्युमिनिअम काळं पाडतात.

प्रश्न: हँडगार्डवर मूळचं काळं ॲनोडायझिंग आहे. रंग द्यायचा तर ते काढावं लागेल का?

मुळीच काढू नका. रंगाला यापेक्षा चांगला पाया तुम्ही घरी तयार करू शकणार नाही. नेहमीच्या ॲनोडायझिंगचा थर ५ ते २५ मायक्रॉन असतो, कठीण जातीचा त्याहून जाड, बहुधा २५ ते ५० मायक्रॉन. तो धातूतूनच वाढलेला असतो. त्यामुळे पापुद्र्यासारखा सुटत नाही आणि रंगाला चरा पडला तरी खाली गंज पसरू देत नाही.

अडचण एवढीच की कारखान्यात या थराची बारीक छिद्रं शेवटी गरम पाण्याने किंवा निकेल ॲसिटेटने बंद करतात. पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि रंगाला पकड मिळत नाही. म्हणून वर सांगितलेली सफाई करा, लाल नायलॉन पॅडने चमक जाईपर्यंत हलकं घासा आणि परत सॉल्व्हंटने पुसा. चमक गेली की थांबा. कडांवर थर लवकर निघतो, तिथे दाब देऊ नका. काही भागांच्या ॲनोडायझिंगमध्ये घसरण कमी करायला टेफ्लॉन भरलेलं असतं. तिथे कितीही पुसलं तरी पाण्याची चादर फाटतच राहते. अशा भागाला रंग देऊ नका.

प्रश्न: ट्रिगर ॲल्युमिनिअमचा आहे की जस्ताचा, हे कसं ओळखायचं? चुंबक तर कुठेच चिकटत नाही.

घनतेवरून. भाग स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा, मग दोऱ्याने बांधून मापाच्या नळीतल्या पाण्यात बुडवा आणि पाणी किती चढलं ते वाचा. वजन भागिले चढलेले मिलिलिटर. उत्तर २.७ च्या आसपास आलं तर ॲल्युमिनिअम, ६.६ च्या आसपास आलं तर जस्ताचा डायकास्ट, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेला भाग. उदाहरणार्थ ३३ ग्रॅमच्या भागाने पाणी ५ मिलिलिटर चढलं, तर तो जस्ताचा. स्वस्त एअर रायफलमध्ये ट्रिगर आणि ट्रिगर गार्ड पुष्कळदा जस्ताचे असतात. जस्ताच्या डायकास्टमध्ये आत हवेचे कप्पे असतात आणि ओव्हनमध्ये ते फुगून पृष्ठभागावर फोड येतात. तो भाजायचा नाही, हवेत वाळणारा रंग द्यायचा.

प्रश्न: ब्लास्टिंग करणार असू तर आधी तेल काढायची गरज काय? वाळू सगळंच काढते ना?

वाळू तेल काढत नाही, ठोकून आत बसवते. एक तेलकट भाग ब्लास्टिंगच्या कॅबिनेटमध्ये गेला की सगळी ग्रिट (मारायचे कण) तेलकट होते, आणि त्यानंतर जाणारा प्रत्येक भाग त्याच ग्रिटने रंगवल्यासारखा तेलाने माखतो. म्हणून तेल आधी, ब्लास्टिंग मग, आणि ब्लास्टिंगनंतर स्वच्छ हवेने फुंकून पुन्हा एक सॉल्व्हंटची पुसणी. ब्लास्ट केलेल्या खरखरीत जागेवर फडक्याचे धागे अडकतात, तिथे पुसण्यापेक्षा सॉल्व्हंट ओतून निथळू देणं बरं.

ग्रिट ॲल्युमिनिअम ऑक्साइडची, १०० ते १२० मेश (कणांच्या बारीकपणाचं माप). हवेचा दाब ४० ते ६० पीएसआय, नोझल भागापासून १५ ते २० सेंटिमीटर दूर आणि सतत हलतं. पातळ भिंतीच्या हँडगार्डवर ८० पीएसआयने एका जागी थांबलात तर पत्रा वाकतो. काचेचे मणी वापरू नका. ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात, कापत नाहीत, आणि रंगाला दातच मिळत नाही. स्टीलच्या कामात वापरलेली ग्रिटही नको, कारण तिच्यातले लोखंडाचे कण ॲल्युमिनिअममध्ये रुततात आणि ओल लागली की प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका तयार होतो. याच कारणाने स्टील वूल आणि तारेचा ब्रशही ॲल्युमिनिअमपासून लांब ठेवा.

ब्लास्टिंग नसेल तर ३२० नंबरच्या वॉटर पेपरने किंवा लाल पॅडने घासलं तरी बहुतेक रंगांना पुरतं. कोरडा घासायचा कागद भरू नये म्हणून त्यावर स्टिअरेटचा पांढरा थर असतो, तो साबणासारखा धातूवर उतरतो. असा कागद वापरला तर घासल्यावर सॉल्व्हंटची पुसणी चुकवू नका. आणि ज्या बंदुकीतून शिशाच्या गोळ्या जातात तिचे भाग कोरडे घासूच नका. ती धूळ विषारी असते. ओलंच घासा.

प्रश्न: सगळं धुतलं, पुसलं, पाण्याची चाचणी पास. ओव्हनमध्ये रंग भाजताना मात्र स्क्रूच्या भोकांतून तेल ओघळलं आणि रंगावर पट्टे पडले.

थंड असताना तेल आट्यांत, जोडांच्या फटीत, ओतीव भागाच्या छिद्रांत दडून राहतं. तापलं की पातळ होतं, फुगतं आणि बाहेर येतं. म्हणून रंगाआधी भाग रिकामाच एकदा भाजून घ्यायचा असतो. तेल यायचंच असेल तर ते तेव्हा यावं.

पद्धत अशी. तापमान रंग भाजायच्या तापमानाइतकं किंवा त्याहून १० अंश जास्त, पण खाली दिलेल्या मिश्रधातूच्या मर्यादेतच, वेळ १ तास. भोकं खाली येतील असा भाग टांगा. बाहेर काढून ४० अंशांच्या खाली थंड होऊ द्या, मगच सॉल्व्हंट लावा. गरम धातूवर सॉल्व्हंट ओतणं म्हणजे आगीला बोलावणं आहे. ॲसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेते. सॉल्व्हंटने ओला भागही ओव्हनमध्ये जाता कामा नये.  थंड झालेल्या भागावर तेलाचे ओघळ दिसले तर सफाई परत करा आणि परत भाजा. जुन्या ओतीव भागांना हा फेरा तीनदा लागू शकतो. आट्यांत थ्रेडलॉकरचे (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाचे) कण असतील तर भाजण्याआधी योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून काढून टाका. टॅप मोकळा फिरला पाहिजे, नवा आटा पाडायचा नाही.

तापमानाची मर्यादा मिश्रधातूवर ठरते. ७०७५-टी६ हा धातू कारखान्यात साधारण १२० अंशांवर २४ तास ठेवून कडक केलेला असतो, ६०६१-टी६ हा १६० ते १७५ अंशांवर. त्या तापमानाच्या बराच वर नेलात तर कडकपणा उतरतो, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. ६०६१ ला १५० अंशांवर एक तास चालतो. ७०७५ ला, विशेषतः रिसीव्हरला, १२० अंशांपुढे नेऊ नये असं आमचं मत आहे. त्यासाठी १२० अंशांवर २ तासांत पक्के होणारे रंग निवडा. कुठला मिश्रधातू आहे हे माहीत नसेल तर ७०७५ समजून चाला. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. आतलं तापमान १५-२० अंश वरखाली झुलतं. वेगळा थर्मामीटर भागाच्या शेजारी ठेवा. आणि ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं तो या कामाला कधीच नाही.

प्रश्न: पीसीपी (आधीच दाबाची हवा भरून ठेवायच्या) एअर रायफलचा हवेचा सिलिंडरही ॲल्युमिनिअमचा आहे. तोही असाच साफ करून भाजला तर?

नाही. तो बंदुकीचा भाग दिसत असला तरी दाबपात्र आहे, आत २०० ते ३०० बार दाब भरतात. ओव्हन नाही, ब्लास्टिंग नाही, पॉलिश पेपर नाही, आम्ल-अल्कली नाही. डायव्हिंगच्या ॲल्युमिनिअम सिलिंडरला १७७ अंशांच्या वर ताप लागला असेल तर तो बाद करतात. इथेही तोच धडा घ्या. रंग द्यायचाच असेल तर उत्पादकाने चालतं असं लिहून दिलं असलं पाहिजे, आणि तेव्हाही बाहेरून फक्त अल्कोहोलची पुसणी आणि हवेत वाळणारा रंग, चाचणीची तारीख आणि शिक्के उघडे ठेवून. आत तेलाचा किंवा सॉल्व्हंटचा थेंबही जाता कामा नये. दाबाखाली भरताना हवा तापते आणि तो थेंब पेट घेऊ शकतो.

प्रश्न: अल्ट्रासोनिक मशीन घेतलं आहे. मग घासायचं काम वाचेल ना?

भोकं आणि आटे यांचं वाचेल. ४० किलोहर्ट्झ, ५० ते ६० अंश, ॲल्युमिनिअमला चालेल असं लिहिलेलं सौम्य द्रावण, ५ ते १० मिनिटं. पितळी काडतुसांसाठीचं द्रावण नको. जास्त वेळ ठेवलं तर उघड्या ॲल्युमिनिअमवर बारीक खड्डे पडतात आणि काळं ॲनोडायझिंग फिकं पडू शकतं. टाकीत थेट सॉल्व्हंट ओतू नका. बाहेर काढल्यावर धुणं आणि पाण्याची चाचणी आहेच. टाकीच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो आणि भाग वर काढताना तो त्याच तवंगातून येतो. म्हणून आधी तवंग टिपून घ्या.

प्रश्न: पेट्रोल, रॉकेल किंवा रंगाचा थिनर चालेल का?

पेट्रोल नाही. त्यात मुद्दाम घातलेली द्रव्यं उडत नाहीत, थर सोडतात. बेंझिन असतं, आणि वाफ फार लांबूनही पेटते. रॉकेल जाड ग्रीस आणि मळ सोडवायला पहिल्या पायरीला चालेल, पण ते स्वतःच तेलकट आहे. त्यानंतर साबणपाणी आणि पूर्ण क्रम लागतोच. थिनरमध्ये काय मिसळलंय ते डब्यागणिक बदलतं, स्वस्त थिनर पुष्कळदा पुनर्वापराचा असतो. काचेवरची थेंब-चाचणी करून पाहा, उत्तर लगेच मिळेल. गाडीचा ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर क्लोरीन नसलेला घ्या. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचे अवशेष तापले तर फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो, आणि आपल्याला पुढे भाग भाजायचाच आहे.

प्रश्न: सफाई आज, रंग रविवारी. मधले तीन दिवस भाग पिशवीत बंद ठेवला तर चालेल?

चालणार नाही. घासलेल्या ॲल्युमिनिअमवर काही क्षणांत ऑक्साइडचा थर येतो. तो काही नॅनोमीटरचाच असतो आणि त्याने बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या तासांत, जेव्हा हवेतली ओल तो थर जाड आणि ठिसूळ करते आणि वर धूळ-तेल बसतं. घासल्यापासून चार तासांत प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), हे आमचं माप. फार तर त्याच दिवशी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना घसरणारा थर असतो, तोही भागाला लागतो. तीन दिवस थांबावंच लागलं तर रविवारी लाल पॅड आणि सॉल्व्हंटची पुसणी परत करा.

उघड्या ॲल्युमिनिअमवर थेट वरचा रंग मारू नका, जोवर डब्यावर तसं लिहिलेलं नाही. एच (etch) प्रायमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, ते धातूला चावून धरतं. त्याचा हात इतका पातळ हवा की खालचा धातू पुसट दिसत राहील. जाड मारला तर आतलं आम्ल कोंडून राहतं आणि थर मऊ राहतो. काही एपॉक्सी प्रायमर एच प्रायमरवर चालत नाहीत, म्हणून दोन्ही डबे एकाच उत्पादकाचे घेणं सोपं. क्रोमेटचा पिवळा कन्व्हर्जन कोट (धातूवर रासायनिक क्रियेने बसणारा पातळ थर) जुना आणि उत्तम आहे, पण त्यातलं सहा-संयुजी क्रोमिअम कर्करोग आणतं. घरी करायचं असेल तर तीन-संयुजी जातीचाच घ्या.

दमट दिवशी आणखी एक सावधगिरी. ॲसिटोन उडताना धातू थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर दव होऊन बसतं, डोळ्यांना न दिसणारं. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. शेवटच्या पुसणीनंतर भाग १० मिनिटं ४० अंशांवर ठेवून मग रंग द्या. मास्किंग टेप या सगळ्यानंतर, रंगाच्या अगदी आधी लावा, कारण टेपच्या कडेला सॉल्व्हंट लागलं की गोंद विरघळून शेजारी पसरतो.

प्रश्न: बंदुकीवर मारण्याआधी आपली सफाई जमली का हे कशावर पाहायचं?

त्याच मिश्रधातूच्या पट्टीवर. ती पट्टी भागाबरोबरच तेलात बुडवा, बरोबरच धुवा, बरोबरच भाजा आणि रंगवा. रंग पूर्ण पक्का झाल्यावर, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या दिवसांनंतर, नव्या ब्लेडने धातूपर्यंत जाणाऱ्या ६ रेघा १ मिलिमीटर अंतराने ओढा आणि त्यांना काटकोनात आणखी ६. रंगाची जाडी ६० मायक्रॉनच्या वर असेल तर अंतर २ मिलिमीटर. ब्रशने भुगा झाडून घ्या, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि साधारण ६० अंशांच्या कोनात झटक्यात ओढा. आयएसओ २४०९ मध्ये याची ० ते ५ अशी श्रेणी आहे. ० म्हणजे एकही चौकोन सुटला नाही. बंदुकीच्या भागाला आम्ही ० किंवा १ च मान्य करू.

सुटलेल्या रंगाची खालची बाजू भिंगाखाली पाहा. ती चकचकीत आणि कोरी असेल तर धातूवर तेल किंवा सिलिकॉन राहिलं होतं. तिला काळी भुकटी लागली असेल तर अल्कलीने धातू खाल्ला होता. प्रायमर धातूवरच राहून वरचा रंग तेवढा सुटला असेल तर सफाई ठीक आहे, दोन हातांमधला वेळ चुकला. रेघांच्या छेदावर चौकोनांचे नुसते कोपरे उडाले असतील तर आधी नवं ब्लेड घेऊन परत रेघा मारा, बोथट ब्लेड चांगल्या रंगालाही उचकटतं.